एंजिन साठवण व गंजरक्षण

एंजिन साठवण व गंजरक्षण : वापरात नसलेल्या काळात लहान अंतर्ज्वलन-एंजिनाच्या आतील व बाहेरील लोखंडी भागांवर गंज चढू नये म्हणून ते बंद करताना, ठेवताना व पुन्हा सुरू करताना घ्यावयाची काळजी. लहान एंजिन या संज्ञेत येथे दोन प्रकार धरले आहेत. पहिला प्रकार सुमारे १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीतील एंजिनांचा होय. विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी, उसाचा चरक, औषधफवारणीचा पंप इत्यादींना ती जोडलेली असतात. दुसरा प्रकार विमाने व नौका यांच्या प्रतिकृतींवर बसविण्यात येणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या एंजिनांचा आहे. आकारमानात एवढा फरक असूनही दोहोंची मोडतोड बहुतांशी एकाच कारणाने होते. चालू एंजिन सहसा गंजत नाही. त्याच्या उष्णतेने ओलावा उडून जातो आणि वंगणाचा थर सतत नवा होत राहतो. गंज लागतो तो थांबलेल्या एंजिनास, आणि त्याची पूर्वतयारी एंजिन थांबविण्याच्या दिवशीच झालेली असते.

महाराष्ट्रात डीझेल एंजिनांच्या निर्मितीस १९३० च्या दशकात सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यात सुरुवात झाली. १९४६ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीच्या एंजिनांचा पुढे खेडोपाडी प्रसार झाला. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीच्या संथ गतीच्या, जड चाकाच्या एंजिनाचा नमुना गुजरातेत राजकोट येथे मोठ्या प्रमाणावर घडविला जाऊ लागला आणि मराठवाड्यातही तो विहिरींवर दिसू लागला. नांदेड व लातूर (लातूर जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे सध्याच्या धाराशिव, जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला) या जिल्ह्यांत पुढे विजेच्या मोटारी आल्या, विहिरींची जागा खोल विंधन विहिरींनी घेतली आणि अलीकडे सौर पंपही बसू लागले. जमिनीवर ठेवलेल्या एंजिनाचा पंप सुमारे ७ मी. पेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे खोल विंधन विहिरीवर त्याचा उपयोग नाही. नदीकाठ, ओढा, शेततळे व उथळ विहीर एवढेच क्षेत्र त्यास उरले, आणि तेथेही ते बहुधा मोटारीला वीज नसेल तेव्हाच चालते.

एंजिन असे राखीव झाल्याने त्याची झीज कमी झाली, पण गंजण्याचा धोका वाढला. पूर्वी रोज चालणाऱ्या एंजिनास गंज चढण्यास सवड नसे. आता ते वर्षातून पाच-दहा दिवस चालते. अवर्षणाच्या काळात तर विहिरीच आटल्याने त्यास कामच नसते. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूर शहरास एप्रिल २०१६ पासून मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा काळात आखाड्यावरील एंजिने ओळीने दोन-तीन हंगाम बंद राहतात. त्यानंतर चांगला पाऊस येतो, ऑगस्टमध्ये मोठी उघडीप पडते, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात आणि एका संरक्षक पाण्यावर पीक तरणार असते. नेमक्या त्या दिवशी एंजिनाचे चाक हलत नाही. दुरुस्तीचा खर्च भरून काढता येतो, पण गेलेले आठ दिवस परत मिळत नाहीत.

गंज कसा लागतो : लोखंड, ऑक्सिजन व पाणी यांतील विद्युत् रासायनिक विक्रियेने लोखंडाचे सजल ऑक्साइड तयार होते, तोच गंज [⟶ गंजणे]. स्वच्छ पोलाद कोरड्या हवेत वर्षानुवर्षे चकचकीत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० ते ६५ टक्क्यांपेक्षा वाढली, की पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य पातळ थर बसतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. पृष्ठभागावर क्षार किंवा अम्लाचा अंश असेल, तर याहून कमी आर्द्रतेतही विक्रिया चालू राहते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे केसाएवढ्या फटीत बसविलेले भाग गंजाच्या अगदी थोड्या थरानेही एकमेकांत आवळले जातात. एंजिन अडकण्याचे हे मुख्य कारण आहे. वजनाने पाहता नष्ट झालेले लोखंड गुंजभरही नसते.

नांदेड गोदावरीच्या काठी सुमारे ३६० मी. उंचीवर, तर लातूर बालाघाटच्या पठारावर सुमारे ६३० मी. उंचीवर आहे. दोन्ही ठिकाणची हवा उन्हाळ्यात अतिशय कोरडी असते. दुपारची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. त्या दिवसांत उघडे पडलेले लोखंडही फारसे बिघडत नाही आणि त्यामुळेच कोकणातील लोकांइतकी गंजाची धास्ती येथे कोणास वाटत नाही. ही निश्चिंतता फसवी आहे. जून ते सप्टेंबर हे चार महिने आर्द्रता वर सांगितलेल्या मर्यादेच्या पुष्कळ वर असते. शिवाय बिडाचे शेकडो किग्रॅ. वजनाचे एंजिन रात्री थंड झाले, की सकाळी लवकर तापत नाही. उबदार व दमट हवा त्याच्या थंड अंगाला लागून दव धरते. ही क्रिया बाहेर दिसते तशीच निष्कास नळीतून व हवेच्या गाळणीतून आत शिरलेल्या हवेमुळे सिलिंडरातही घडते. हिवाळ्यात नदीकाठच्या धुक्यातही हेच होते.

आतील ओलाव्याचा दुसरा व अधिक घातक उगम खुद्द इंधन हा आहे. एक लिटर डीझेल जळाले असता वाफेच्या रूपात जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. गरम एंजिनातून ते धुराबरोबर निघून जाते. एंजिन थंड असेल, तर त्याचा काही भाग सिलिंडराच्या भिंतीवर जमतो व दट्ट्याच्या कड्यांवरून खालच्या तेलात उतरतो. डीझेलात गंधक असल्यास त्या पाण्यात गंधकाम्ल तयार होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी भारतातील डीझेलात गंधकाचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकत असे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार ते दशलक्ष भागांत १० भाग एवढेच आहे. गंधकाम्लाचा त्रास यामुळे पुष्कळच कमी झाला, पण पाण्याचा झाला नाही.

शेतीच्या एंजिनांबाबत येथे एक विशेष अडचण आहे. विहिरीवरच्या एंजिनात शीतनासाठी पंपाच्याच पाण्याची एक नळी सिलिंडराभोवतीच्या पोकळीत सोडण्याची पद्धत आहे. पाणी फुकटचे व थंड असल्याने ते सढळ हाताने सोडले जाते आणि एंजिन हाताला गार लागते म्हणून मालक समाधानी असतो. वस्तुतः गार एंजिन हे आजारी एंजिन होय. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे आढळले होते, की थंड चालणाऱ्या एंजिनाचे सिलिंडर घर्षणापेक्षा संक्षारणानेच अधिक झिजतात. बाहेर पडणारे पाणी हात धरवणार नाही इतके, म्हणजे सुमारे ६० ते ७० °से. असावे, इतपतच नळी उघडी ठेवणे योग्य ठरते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. ते पोकळीत तसेच राहिले तर क्षारांचा थर बसतो व त्याखाली बीड पोखरते. म्हणून एंजिन ठेवून देताना खालची तोटी उघडून सर्व पाणी काढणे आवश्यक असते. तोटी गाळाने बुजलेली असल्यास तार घालून ती मोकळी करावी लागते, कारण पाणी वाहून गेल्याचा भास होऊन निम्मे आतच राहण्याचे प्रसंग नेहमीचे आहेत.

बंद करतानाची क्रिया : शेवटच्या दिवशी एंजिन भारावर अर्धा-पाऊण तास चालवून पूर्ण तापवितात व गरम असतानाच तळाचे जुने तेल काढून टाकतात. जुने काळे तेल वंगण म्हणून अजून चालण्यासारखे दिसत असले, तरी त्यात ज्वलनातील अम्ले व पाणी मिसळलेले असते. चार महिने भुजाक्ष व धारवे अशा तेलात बुडवून ठेवणे म्हणजे पातळ अम्लात ठेवण्यासारखेच आहे. पुढच्या हंगामात तेल बदलू, असा विचार करणे ही या बाबतीतील सर्वांत महाग पडणारी काटकसर होय. नवे तेल भरल्यावर ते सर्वत्र पोहोचावे म्हणून एंजिन पुन्हा काही मिनिटे चालवितात. या शेवटच्या फेरीत डीझेलात सुमारे एक दशांश स्वच्छ वंगण तेल मिसळल्यास इंधन पंप व नोझल यांचेही रक्षण होते. या दोहोंतील भागांमधील अंतर एका मिलिमीटरचा काही हजारावा भाग इतके सूक्ष्म असते. त्यामुळे डीझेलातील पाण्याचा एक थेंबही तेथे पंप जाम करण्यास पुरेसा ठरतो. टाकी एकतर पूर्ण भरलेली ठेवावी, नाहीतर पूर्ण रिकामी व पुसलेली असावी. अर्धवट भरलेल्या टाकीत रिकाम्या जागेतील हवा रोज दव धरते.

एंजिन थंड झाल्यावर नोझल काढून त्या भोकातून किंवा हवेच्या मार्गाने सिलिंडरात स्वच्छ तेल घालतात. सुमारे ११४ मिमी. व्यासाच्या सिलिंडरास २० ते ३० मिलि. तेल पुरते. झडप उचलण्याची खिट्टी वर करून चाक हाताने दहा-बारा वेळा फिरविले, की तेल भिंतीवर व कड्यांत पसरते. शेवटी दट्ट्या संपीडन धावेच्या वरच्या टोकास आणून ठेवतात. या स्थितीत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात व सिलिंडर बाहेरच्या हवेपासून तुटतो. निष्कास नळीचे तोंड व हवेची गाळणी तेलकट फडक्याने किंवा लाकडी गुट्ट्याने बंद करतात. ते बंद असल्याची चिठ्ठी चाकाला बांधून ठेवणे शहाणपणाचे असते. सहा महिन्यांनी ही गोष्ट कोणाच्याही लक्षात राहत नाही. नळीचे तोंड मोकळे ठेवल्यास पावसाचे पाणी तर शिरतेच, शिवाय कुंभारीण माशी तेथे मातीचे घर करते.

मधूनमधून एंजिन पाच मिनिटे चालवून पाहण्याची सवय सर्वत्र आढळते. तिचा उद्देश चांगला असला, तरी परिणाम उलट होतो. पाच मिनिटांत एंजिन तापत नाही, मात्र जळलेल्या इंधनाचे पाणी आत साठते व आधी दिलेला तेलाचा थर धुऊन जातो. चालवावयाचेच तर पूर्ण तापेपर्यंत चालवावे, अन्यथा चाकास हात लावू नये, असा नियम घालणे बरे.

पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपांची गोष्ट थोडी निराळी आहे. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. असे पेट्रोल कार्ब्युरेटरात महिनोन्महिने राहिल्यास पाण्याचा थर वेगळा होऊन खाली बसतो व आतील धातू खातो. म्हणून टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालविणे व नंतर प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडणे एवढे पुरेसे असते.

तेले व इतर साहित्य : साध्या खनिज तेलाचा थर हळूहळू ओघळून जातो आणि पाणी त्यास बाजूला सारून धातूपर्यंत पोहोचू शकते. गंजरोधक तेलांत सल्फोनेटांसारखी द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांच्या रेणूंचे एक टोक धातूस घट्ट चिकटते व दुसरे पाण्यास दूर ठेवते. असे तेल न मिळाल्यास डीझेल एंजिनाचे नवे चांगले तेल बऱ्यापैकी काम देते, कारण त्यातही अम्ल मारणारी व गंज रोखणारी द्रव्ये असतात. बाहेरील उघड्या भागांना, म्हणजे चाकाचा घासलेला काठ, भुजाक्षाचे टोक, झडपांचे दांडे यांना ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावतात.

मराठवाड्यात करडई व जवस ही तेले घरची असल्याने ती लोखंडास लावण्याचा मोह होतो. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन वाळते व कठीण कातडे धरते. कोयत्याच्या वा कुदळीच्या पात्यावर हा गुण उपकारक ठरतो. एंजिनात मात्र तेच कातडे दट्ट्याच्या कड्या खाचेत चिकटवून टाकते. करडईचे तेलही कमी-अधिक प्रमाणात असेच वागते. म्हणून ही तेले आत घालू नयेत.

बंद पेटीत ठेवता येण्याजोगे भाग, उदा., सुटा पंप, नोझल किंवा प्रतिकृतीचे एंजिन, यांसाठी बाष्परूप गंजरोधकांचा उपयोग होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शस्त्रास्त्रांच्या जपणुकीसाठी ही द्रव्ये प्रचारात आली. त्यांचा लेप दिलेल्या कागदातून सूक्ष्म वाफ निघून ती धातूवर बसते. सिलिका जेलच्या पुड्याही अशा पेटीत ठेवतात. त्या ओल्या झाल्यावर तापवून पुन्हा कोरड्या करता येतात. पेटी हवाबंद नसेल, तर मात्र पुडी एका पावसाळी आठवड्यातच भरून जाते व नंतर तिचा काही उपयोग राहत नाही.

जागा : एंजिन फळ्यांवर किंवा दगडांवर उचलून ठेवावे लागते, कारण काळी जमीन पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि ती वर देतच राहते. ताडपत्री वरून टाकावी, पण खाली घट्ट गुंडाळू नये. तळाशी हवा खेळती राहिली नाही, तर ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पाणी सुटते. गोणपाट ओल धरतो, म्हणून तो धातूस चिकटून असू नये. सर्वांत मोठी चूक मात्र आखाड्याच्या एकुलत्या एका खोलीत एंजिन व खतांची पोती शेजारी ठेवण्याची होय. पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड हा लोखंडाचा वैरी आहे. पोत्यातून सांडलेली चिमूटभर भुकटीही हवेतील ओल ओढून घेते व तेथे खळगे पाडते. फवारणीची औषधे व बॅटरी यांनाही हेच लागू आहे.

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, शस्त्रे व अवजारे घासूनपुसून, तेल लावून पुजण्याचा रिवाज महाराष्ट्रात सर्वत्र आहे. नांदेड येथील हजूर साहिब गुरुद्वारात दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्तस्नानाच्या वेळी तेथे जतन केलेली शस्त्रे स्वच्छ करण्यात येतात. पावसाळा सरताच लोखंड उघडून पाहण्याची ही वेळ हवामानाच्या दृष्टीने अचूक आहे. एंजिनापुरता मात्र हा दिवस उशिराचा ठरतो. हळदकुंकू लागते तेव्हा ओल्या हवेचे चार महिने उलटून गेलेले असतात. तेल घालण्याची खरी वेळ मृग नक्षत्राच्या आधीची होय.

प्रतिकृतींची एंजिने : ही एंजिने बहुधा मिथेनॉल, वंगण तेल व थोडे नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालतात. ठिणगीऐवजी त्यांत प्लॅटिनमयुक्त तारेचा ग्लो प्लग असतो. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये तो बाजारात आणल्यावर या एंजिनांचा प्रसार झाला. मिथेनॉल हवेतील पाणी जोराने शोषते व जळताना स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी देते. नायट्रोमिथेनाच्या ज्वलनातील नायट्रोजन ऑक्साइडे या पाण्यात विरघळून अम्ल बनते. त्यामुळे उड्डाणानंतर तसेच ठेवलेले एंजिन काही दिवसांतच आतून तांबूस होऊ शकते. शरीर अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने बाहेरून ते कळत नाही. पोलादी भुजाक्ष व त्याचे बॉल बेअरिंग हे प्रथम गंजतात.

वंगण म्हणून या मिश्रणात एरंडेल वापरतात. ते मिथेनॉलात विरघळते, गरम धातूस चिकटून राहते व बऱ्याच अंशी गंजही रोखते. मात्र उष्णतेने त्याचा डिंक बनतो. म्हणून दिवसाच्या शेवटी टाकीतील इंधन काढून उरलेले एंजिनातच जाळून संपवितात. नंतर प्लगच्या भोकातून व कार्ब्युरेटरातून पातळ गंजरोधक तेलाचे काही थेंब सोडून पंखा हाताने फिरवितात. मागील बेअरिंगपर्यंत तेल पोहोचावे म्हणून एंजिन थोडा वेळ उभे-आडवे धरावे लागते. शेतीच्या एंजिनाप्रमाणे यात दट्ट्या वरच्या टोकास ठेवीत नाहीत. पुष्कळ एंजिनांचे सिलिंडर वर किंचित निमुळते असते व तेथे तो घट्ट बसून राहतो. विजेच्या मोटारी व लिथियम बॅटऱ्या आल्यापासून ही एंजिनेही बाजूला पडली असून त्यांतील अनेक कपाटांत वर्षानुवर्षे पडून आहेत. अशा एंजिनाचा पंखा ओढून पाहण्याआधी ते गरम हवेने तापवावे. बहुतेक वेळा दट्ट्या गंजाने अडकलेला नसून वाळलेल्या एरंडेलाने चिकटलेला असतो आणि ऊब मिळताच सुटतो.

पुन्हा सुरू करणे : साठवणीतील शेतीचे एंजिन एकदम हँडल मारून सुरू करू नये. प्रथम नळीचे बूच काढून, तेलाची पट्टी पाहून, झडप उचललेल्या स्थितीत चाक हाताने अनेक वेळा फिरवितात. सिलिंडरात घातलेले जादा तेल यामुळे बाहेर पडते. ते तसेच राहिल्यास दाबले न जाणाऱ्या द्रवावर दट्ट्या आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो, किंवा तेच तेल जळून एंजिन बेफाम धावते. तळाचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले असे समजून ते बदलतात.

चाक हलत नसेल, तर लांब पाइप लावून जोर करणे टाळावे. नोझल काढून सिलिंडरात डीझेल व पातळ तेल समभाग घालतात आणि दोन-चार दिवस, गरज पडल्यास आठवडाभर, मुरू देतात. मधूनमधून चाक दोन्ही दिशांना किंचित हलवून पाहतात. पुढे-मागे केसभर जरी हालचाल झाली, तरी गंज सुटू लागला असे समजावे. दट्ट्या मोकळा झाल्यावर हेड उतरवून भिंत तपासतात. नुसता तांबूस डाग असेल, तर बारीक घासणीने तो निघतो. नखाला लागेल असा खळगा पडला असल्यास लायनर बदलावा लागतो, कारण त्या खळग्यावरून जाताना कड्या दाब धरत नाहीत व एंजिन तेल पिऊ लागते.